अमेरिकी विद्यापीठांतली रायटिंग सेंटर्स: मराठी विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस, पीएचडी किंवा पदवीसाठी अमेरिकेत गेलेल्या आणि जाण्याच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही माहिती आहे. नियम विद्यापीठागणिक थोडे बदलतात, त्यामुळे आपल्या सेंटरचं संकेतस्थळ एकदा नीट वाचाच. काम करण्याची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी सारखीच असते.

रायटिंग सेंटर म्हणजे नेमकं काय?

विद्यापीठातली अशी जागा, जिथे तुम्ही लिहीत असलेला मजकूर घेऊन जायचं आणि एका प्रशिक्षित माणसासमोर बसून त्यावर काम करायचं. त्या माणसाला कुठे ट्यूटर म्हणतात, कुठे कन्सल्टंट. तो बहुतेकदा विद्यार्थीच असतो, काही ठिकाणी पूर्णवेळ प्राध्यापकही असतात. तो गुण देत नाही आणि तुमच्या प्रोफेसरांच्या वतीनेही बोलत नाही. तो तुमचा पहिला वाचक असतो.

ही कल्पना जुनी आहे. आयोवा विद्यापीठात १९३०च्या दशकातच 'रायटिंग लॅब' चालत होती. पर्ड्यू विद्यापीठाची लॅब १९७६मध्ये म्युरिएल हॅरिस यांनी सुरू केली. तिचाच ऑनलाइन भाग म्हणजे पर्ड्यू आउल. एपीए किंवा एमएलए या संदर्भ देण्याच्या ठरलेल्या पद्धती शोधताना पुण्या-मुंबईतले विद्यार्थीही तिथे पोचलेले असतात. अनेक सेंटर्स आता बोलण्यासाठीही मदत करतात. स्टॅनफर्डच्या ह्यूम सेंटरच्या नावातच लेखन आणि वक्तृत्व दोन्ही आहे, आणि ग्रीन्सबरो इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बोलण्यासाठी वेगळं स्पीकिंग सेंटर आहे.

ते माझा पेपर तपासून, दुरुस्त करून देतील का?

नाही. सगळ्यात जास्त अपेक्षाभंग इथेच होतो.

लेखनशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन नॉर्थ यांनी १९८४च्या एका लेखात मांडलेली भूमिका आजही बहुतेक सेंटर्स मानतात: हातातला मजकूर चांगला करून देणं हे आमचं काम नाही, लिहिणारा माणूस अधिक चांगला लिहू लागला पाहिजे. नेटमध्ये प्रशिक्षक खेळाडूच्या हातातली बॅट काढून घेऊन स्वतः खेळत बसत नाही, तसंच हे. पेन किंवा कीबोर्ड तुमच्याच हातात राहतो.

याचा अर्थ व्याकरणाला कोणी हात लावत नाही असा नाही. फरक पद्धतीत आहे. समजा, दोन पानांत आर्टिकलच्या ('अ', 'ॲन', 'द') १८ चुका आहेत. ट्यूटर त्या सगळ्या लाल करणार नाही. दोन-तीन दाखवेल, मागचा नियम सांगेल आणि पुढच्या परिच्छेदातल्या तुम्हाला शोधायला लावेल. एका भेटीत एक किंवा दोनच प्रकारच्या चुका घ्यायच्या, यामागे विचार आहे. एकदम आठ प्रकार सांगितले तर पुढच्या असाइनमेंटपर्यंत एकही लक्षात राहत नाही.

ओळ न् ओळ दुरुस्तच करून हवी असेल, उदाहरणार्थ प्रबंध जमा करण्यापूर्वी, तर पैसे देऊन कॉपी एडिटर लावावा लागतो. त्याआधी गाइडची परवानगी घ्या. काही विभागांत ती लेखी लागते.

हे इंग्रजी कच्चं असणाऱ्यांसाठीच असतं ना?

नाही. पीएचडीच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी आणि इंग्रजी मातृभाषा असलेले अमेरिकी विद्यार्थीही तिथे रांगेत असतात, काही सेंटर्समध्ये प्राध्यापकसुद्धा येतात. आपल्याकडे 'शिकवणी' म्हटलं की मागे पडलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. ते चित्र इथे सोबत आणू नका.

पैसे किती? किती वेळा जाता येतं?

नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांना सहसा मोफत असतं, कारण खर्च तुमच्या फीमधून किंवा विद्यापीठाच्या निधीतून आधीच गेलेला असतो. दिवसाला एक आणि आठवड्याला एक किंवा दोन भेटी, अशी मर्यादा बहुतेक ठिकाणी दिसते. न कळवता दोन-तीनदा गैरहजर राहिलात तर त्या सेमिस्टरपुरतं खातं बंद होऊ शकतं. जमत नसेल तर वेळेत रद्द करा, ती जागा दुसऱ्या कोणाला मिळते.

अपॉइंटमेंट कधी घ्यावी?

असाइनमेंट हातात आली त्याच दिवशी. बरीच सेंटर्स डब्ल्यूसीऑनलाइन नावाची प्रणाली वापरतात. त्यात विद्यापीठाच्या ईमेलने नोंदणी करायची, तक्त्यातली रिकामी वेळ निवडायची आणि छोटा अर्ज भरायचा. त्या अर्जात 'आज कशावर काम करायचं आहे?' असा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका, ट्यूटर तुमच्या आधी तोच वाचतो.

दोन भेटी धरून चाला. पहिली अंतिम तारखेच्या ७ ते १० दिवस आधी, मसुदा कच्चा असताना. दुसरी २-३ दिवस आधी, भाषेसाठी. आदल्या रात्रीची भेट जवळजवळ वाया जाते. मुख्य दावाच डळमळीत आहे हे तेव्हा कळलं, तरी पुन्हा लिहायला वेळ नसतो. मग फक्त स्वल्पविराम बदलले जातात.

फॉल सेमिस्टरमध्ये ऑक्टोबरचा मध्य आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सुट्टीनंतरचे दोन आठवडे, आणि स्प्रिंगमध्ये एप्रिलचा शेवट, हे दिवस भरगच्च असतात. जागा नसेल तर प्रतीक्षा यादीत नाव टाका. कोणीतरी रद्द करतं, अनेकदा त्याच सकाळी.

सोबत काय न्यायचं?

असाइनमेंटचं मूळ पत्रक, गुणांकनाची रुब्रिक, मसुदा आणि त्याच प्रोफेसरांनी आधीच्या पेपरवर लिहिलेले शेरे. शेरे लोक नेतच नाहीत, आणि तेच सगळ्यात उपयोगी असतात.

शिवाय एक नेमका प्रश्न. 'जरा बघून घ्या' म्हटलं की ट्यूटरला अंदाज बांधत बसावं लागतं. 'दुसऱ्या पानावरचा पुरावा माझ्या दाव्याला आधार देतो का?' किंवा 'निष्कर्षात मी पहिलाच परिच्छेद पुन्हा लिहिलाय असं वाटतं का?' असं विचारलंत की पहिल्या मिनिटापासून काम सुरू होतं.

मसुदाच नसेल तरीही जा. विषय निवडणं, पत्रक समजून घेणं, मुद्दे मांडणं, हे सगळं सेशनमध्ये बसतं.

सेशनमध्ये नेमकं काय होतं?

सेशन ३० ते ६० मिनिटांचं असतं. ५० मिनिटांचं धरलं तर साधारण असं जातं:

पहिली ५ मिनिटं ओळख, असाइनमेंट काय आहे, कधी द्यायची आहे, तुम्हाला काय खटकतंय. मग १० ते १५ मिनिटं मोठ्याने वाचन. तुम्ही वाचता किंवा ट्यूटर वाचतो. पुढची २०-२५ मिनिटं खरं काम, आणि शेवटच्या ५ मिनिटांत पुढे काय करायचं याची तुमच्या हाताने लिहिलेली यादी. तेवढ्या वेळात डबल स्पेसिंगची ४ ते ६ पानं नीट होतात. २० पानांचा पेपर असेल तर कोणती पानं घ्यायची हे आधी ठरवा.

क्रमही ठरलेला असतो. आधी मोठे प्रश्न: विचारलेल्याचंच उत्तर आहे का, दावा स्पष्ट आहे का, परिच्छेदांची रचना, पुरावा. नंतर वाक्यं, आर्टिकल, विरामचिन्हं. विद्यार्थी व्याकरणासाठी येतात आणि ट्यूटर रचनेवर बोलू लागतो, तेव्हा काहींना तो टाळाटाळ करतोय असं वाटतं. पण जो परिच्छेद उद्या काढून टाकायचा आहे त्याची आर्टिकल्स आज सुधारण्यात अर्थ नाही.

मोठ्याने का वाचायला लावतात?

डोळा आपल्याला अपेक्षित असलेलं वाचतो, जीभ मात्र कागदावर जे आहे तिथे अडखळते. सुटलेला शब्द, दोनदा आलेलं क्रियापद, श्वास संपेपर्यंत लांबलेलं वाक्य, हे कानाला लगेच कळतं. उच्चारांची लाज वाटत असेल तर ट्यूटरला वाचायला सांगा. तो कुठे थांबला, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचलं, तिथे पेन्सिलने खूण करत जा. त्या खुणा म्हणजेच दुरुस्तीची यादी.

मराठी भाषकांच्या इंग्रजी लेखनात काय काय अडतं?

पहिलं, मुद्दा शेवटी येणं. मराठीत आपण पार्श्वभूमी आधी सांगतो आणि क्रियापद व निष्कर्ष शेवटी ठेवतो. हे वाक्य बघा: 'गेल्या काही वर्षांत पाऊस अनियमित झाला असून विहिरींची पातळी खालावल्यामुळे शेतकरी बोअरवेलकडे वळत असताना भूजलाचं नियोजन गावपातळीवरच होणं गरजेचं आहे.' मराठीत हे चालून जातं. याच क्रमाने इंग्रजीत लिहिलं की तीस-चाळीस शब्दांचं वाक्य तयार होतं आणि वाचक कर्ता-क्रियापद शोधत राहतो. उपाय सोपा आहे: शेवटचा तुकडा उचलून पहिलं वाक्य करा (भूजलाचं नियोजन गावपातळीवर व्हावं) आणि कारणं पुढच्या दोन वाक्यांत द्या. हीच गोष्ट परिच्छेदाला लागू, हीच संपूर्ण पेपरला.

दुसरं, निबंधाची सवय. दहावीच्या निबंधात सुविचाराने सुरुवात, मधे कवितेच्या ओळी आणि शेवटी शुभेच्छावजा समारोप असला की गुण मिळायचे. अमेरिकेतल्या वर्गात पहिल्या परिच्छेदाच्या अखेरीस तुमचा दावा एका वाक्यात हवा, आणि तो असा हवा की समंजस माणूस त्याच्याशी असहमत होऊ शकेल. 'पर्यावरण महत्त्वाचं आहे' हा दावा नव्हे, त्याला कोण नाही म्हणणार?

तिसरं, आर्टिकल. मराठीत ती नाहीत, त्यामुळे कुठे गळतात तर कुठे उगाच 'द' लागतो. तपासायची रीत अशी: मसुद्यातल्या प्रत्येक नामाखाली रेघ मारा आणि दोन प्रश्न विचारा. हे मोजता येतं का? वाचकाला नेमकं कोणतं ते ठाऊक आहे का? मोजता येणारं, एकवचनी नाम एकटं उभं दिसलं तर बहुतेकदा काहीतरी राहिलंय.

बाकीचं पटापट: 'डिस्कस अबाउट' नाही, नुसतं 'डिस्कस'. 'वन ऑफ द' नंतर अनेकवचन. 'आय ॲम हॅविंग अ डाउट' यातला 'डाउट' अमेरिकी कानाला शंका नव्हे तर अविश्वास वाटतो, म्हणून 'क्वेश्चन' म्हणा. अप्रत्यक्ष प्रश्नात शब्दांचा क्रम उलटत नाही. आणि 'च'च्या सवयीने वाक्याच्या शेवटी येणारा 'ओन्ली' काढून टाका.

मसुदा लिहून झालाय, पण विस्कळीत वाटतोय. सेंटरला जाण्याआधी घरी काय करता येईल?

उलटा आराखडा. आधी आराखडा करून मग लिहितात, इथे लिहिलेल्यावरून आराखडा काढायचा.

परिच्छेदांना क्रमांक द्या. प्रत्येकाशेजारी जास्तीत जास्त दहा शब्दांत लिहा की यात काय म्हटलंय. ही नोंद मराठीत केलीत तर उत्तमच, आपल्याला खरंच काय म्हणायचं होतं ते मराठीत लवकर सापडतं. मग त्या नोंदीच फक्त वाचा. एका परिच्छेदाला दोन नोंदी लागल्या तर तो फोडा. दोन परिच्छेदांची नोंद एकच आली तर जोडा. दाव्याशी ज्याचा संबंध एका वाक्यात सांगता येत नाही, तो काढा. नोंदच सुचत नसेल तर तिथे फक्त अवतरणं एकाखाली एक ठेवलेली असतात. १० पानांच्या पेपरला ४० मिनिटं पुरतात. ही यादी घेऊन सेंटरला गेलात तर सेशनची पहिली १५ मिनिटं वाचतात.

माझा विषय मेकॅनिकल इंजिनिअरिंग आणि ट्यूटर इतिहासाची. काय उपयोग?

तिला फायनाइट एलिमेंट कळत नसेल, पण तुमच्या तिसऱ्या वाक्यातलं सर्वनाम कशासाठी आहे ते कळत नाहीये हे ती सांगू शकते. बाहेरच्या माणसाला समजावताना गृहीत धरलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. शोधनिबंधाची प्रस्तावना, शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलाखतीचं भाषण यासाठी असा वाचक फार मोलाचा. निकालांची चर्चा किंवा समीकरणांची मांडणी असेल तर मात्र तुमच्या शाखेचा ट्यूटर शोधा. डब्ल्यूसीऑनलाइनवर प्रत्येकाचा विषय लिहिलेला असतो. एमआयटीसारख्या ठिकाणी अभियांत्रिकीच्या विभागांच्या स्वतःच्या कम्युनिकेशन लॅब आहेत. तिथे त्याच शाखेतले संशोधक विद्यार्थी मदत करतात.

संदर्भ दिला, शब्दही बदलले, तरी प्लेजरिझम (वाङ्मयचौर्य) कसं?

मूळ वाक्य समोर ठेवून चार शब्द समानार्थी केले आणि वाक्याचा सांगाडा तसाच राहिला, तर संदर्भ देऊनही ते चुकीचं धरलं जाऊ शकतं. पाठ्यपुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहिणं ज्या शाळांत कौतुकाचं होतं, तिथून आलेल्या विद्यार्थ्याकडून हे फसवण्याच्या हेतूशिवायही घडतं. पण अकॅडेमिक इंटिग्रिटीची समिती नेहमी हेतू पाहत नाही.

सुरक्षित रीत: उतारा दोनदा वाचा, पुस्तक मिटा, आठवतं ते मराठीत दोन ओळींत लिहा, मग त्या मराठी ओळींवरून इंग्रजी वाक्य करा. शेवटी मूळाशी ताडून पाहा. सलग चार-पाच शब्द तसेच आले असतील तर अवतरणचिन्ह लावा किंवा पुन्हा लिहा. संदर्भ त्याच क्षणी टाका. 'नंतर टाकतो' म्हणून राहिलेलेच संदर्भ पुढे अडचणीत आणतात.

भारतातला नियम वेगळा आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे टप्पे आहेत, आणि ६० टक्क्यांच्या वर प्रबंधाची नोंदणीच रद्द होऊ शकते. अमेरिकी विद्यापीठांत असं टक्क्यांचं संरक्षण गृहीत धरू नका. एक उचललेला परिच्छेदही पुरतो.

चॅटजीपीटी असताना तिथे कशाला जायचं?

आधी कोर्सचा सिलॅबस पाहा. एकाच विभागात एक प्रोफेसर एआयला परवानगी देतात आणि दुसरे पूर्ण बंदी घालतात. कुठेच लिहिलेलं नसेल तर ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आता मूळ प्रश्न. यंत्र तुमचं वाक्य गुळगुळीत करून देतं, पण तुम्हाला काय म्हणायचं होतं हे विचारून थांबत नाही. माणूस 'म्हणजे?' असं विचारतो आणि त्या 'म्हणजे'च्या उत्तरात अनेकदा पेपरचा खरा दावा सापडतो. तोंडी परीक्षेत, ग्रुप मीटिंगमध्ये, गाइडसमोर तो दावा तुम्हालाच सांगायचा असतो.

उलट बाजूची काळजीही खरी आहे. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एआय ओळखणारी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले टोफेलचे निबंध त्या साधनांनी सरासरी निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवले. म्हणून मसुद्यांच्या तारखांसह आवृत्त्या ठेवा, गूगल डॉक्समध्येच लिहा आणि सेंटरच्या भेटींची नोंद जपा. आरोप झालाच तर लेखन टप्प्याटप्प्याने कसं घडलं हे दाखवता येतं.

प्रेझेंटेशनची तयारी तिथे करता येते का?

हो, आणि ती सोय फार कमी जण वापरतात. एका भाषणासाठी तीन भेटी धरा.

पहिल्या भेटीत स्लाइड नेऊ नका. फक्त मुद्दे, पहिलं मिनिट आणि शेवटची ३० सेकंदं. पहिल्या मिनिटात प्रश्न काय आणि तो श्रोत्याने का ऐकावा हे यायला हवं. नाव, विभाग आणि 'टुडेज एजेंडा' यात ते मिनिट घालवू नका.

दुसऱ्या भेटीत घड्याळ लावून पूर्ण भाषण, फोनवर चित्रीकरण करून. हिशोब असा: १० मिनिटांत २ मिनिटं प्रश्नांना गेली तर उरली ८. मिनिटाला १३० शब्द हा ऐकायला सोयीचा वेग, म्हणजे सुमारे १०४० शब्द आणि ६ ते ८ स्लाइड. घाबरून वेग १७५वर गेला तर तेच भाषण सहा मिनिटांत संपतं, आणि श्रोत्याला तुमचे उच्चार नवे असल्याने निम्मं निसटतं. वेग कमी करायला 'हळू बोल' असं स्वतःला बजावून भागत नाही. कागदावर थांबण्याच्या जागा आखा. प्रत्येक नवीन संज्ञेनंतर आणि प्रत्येक आकड्यानंतर एक श्वास. आलेखाची स्लाइड आली की आधी अक्षांवर काय आहे ते सांगा, मग निकाल.

तिसरी भेट प्रश्नोत्तरांची. ट्यूटरला पाच प्रश्न विचारायला सांगा, त्यातले दोन अडचणीत आणणारे. उत्तराची घडण: प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हा म्हणा (त्यात विचारालाही वेळ मिळतो), एका वाक्यात उत्तर द्या, मग कारण. उत्तर ठाऊक नसेल तर तसं सरळ सांगून, ते कसं शोधता येईल ते सांगा. तोंडाने 'येस' म्हणताना मान आडवी डोलावली तर अमेरिकी श्रोता गोंधळतो, एवढंही चित्रीकरणात पाहून घ्या.

शाळेत वक्तृत्व स्पर्धा जिंकल्या आहेत. मला गरज आहे का?

मंचाची भीती नसणं ही मोठी शिदोरी आहे. पण त्या स्पर्धांनी लावलेल्या दोन सवयी सोडाव्या लागतात: पाठ केलेलं शब्दशः म्हणणं आणि चढता सूर. पाठांतरात एक शब्द विसरला की पुढचं सगळं अडतं, आणि मधेच कोणी प्रश्न विचारला तर धागा तुटतो. इथल्या वर्गात मधेच प्रश्न येतात. प्रत्येक स्लाइडसाठी चिठ्ठीवर तीन-चार शब्दच ठेवा आणि दर सरावात वाक्यं वेगळी होऊ द्या. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पाठ असावं.

माझे मराठी वळणाचे उच्चार बदलावे लागतील का?

नाही. चांगलं सेंटर तुमचं वळण पुसायला सांगत नाही, समजण्यात अडथळा कुठे येतो तेवढंच पाहतं. तो अडथळा सुट्या ध्वनींपेक्षा आघाताने जास्त येतो. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजीत एक अक्षर ठळक आणि बाकीची दबलेली असतात. 'कंपोनंट'मध्ये जोर 'पो'वर आहे, आपण तो 'कं'वर देतो. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफी'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर.

तुमच्या विषयातले २० शब्द निवडा, जे प्रत्येक भाषणात येणारच आहेत. शब्दकोशात प्रत्येकाचा आघात पाहून खूण करा आणि ट्यूटरसमोर वाक्यात वापरून म्हणा. त्यानंतर वेळ उरला तर 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठावर आणि 'डब्ल्यू'साठी ओठ गोल, हा एक फरक. आपला 'व' दोन्हीकडे चालतो, म्हणून 'वाइन' आणि 'व्हाइन' एकच ऐकू येतात.

टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून वर्ग घ्यायचा असेल तर वेगळी व्यवस्था असते. पर्ड्यूमध्ये त्यासाठी ओरल इंग्लिश प्रोफिशियन्सी प्रोग्रॅम आहे. बोलण्याच्या इंग्रजीची परीक्षा असलेल्या विद्यापीठात ती पार केल्याशिवाय वर्ग मिळत नाही. तारीख आधीच विचारून घ्या.

प्रोफेसरांना कळतं का, की मी गेलो होतो?

तुम्ही सांगितलं तरच, असं बहुतेक सेंटर्सचं धोरण असतं. विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४च्या फर्पा या अमेरिकी कायद्याचं संरक्षण आहे. प्रोफेसरांनी भेट सक्तीची केली असेल तर हजेरीचा अहवाल मागून घ्या, ट्यूटर पाठवतो.

एसओपीसाठी (प्रवेशअर्जासोबतचं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज') भारतातून मदत मिळेल का?

प्रवेश होण्याआधी नाही. त्यासाठी पर्ड्यू आउलची आणि चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरची मोफत टिपणं वापरा. मित्राला मसुदा दाखवून 'कसा वाटला?' विचारू नका. 'हे वाचून मी नेमकं काय शिकायला जातोय ते सांग' असं म्हणा. त्याला सांगता आलं नाही तर एसओपीत अजून काम आहे.

प्रवेश झालेला असून घरूनच ऑनलाइन शिकत असाल तर हक्क आहे. व्हिडिओ सेशन घेता येतं, किंवा मसुदा पाठवून लेखी शेरे. तक्त्यात वेळ सेंटरची दिसते. पूर्व किनाऱ्यावर सकाळचे १० म्हणजे उन्हाळी वेळेत आपल्याकडे संध्याकाळचे ७:३०, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून ८:३०. त्या आठवड्यात हमखास घोटाळे होतात.

सेशन वाया गेलं असं वाटलं तर?

शक्यतो सेशनमध्येच बोला: 'रचनेवर पुरे, आता दुसऱ्या पानाची वाक्यं पाहूया.' ट्यूटरला हे चालतं, सेशन तुमचं आहे. तरी जमलं नाही तर पुढच्या वेळी दुसरा निवडा. सूर जुळलेला मिळाला की त्याच्याचकडे दर आठवड्याची ठरलेली वेळ मागा. प्रबंध लिहिताना ही आठवड्याची भेट फार सांभाळून नेते, कारण दर सोमवारी कोणालातरी पाच नवी पानं दाखवायची असतात.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात असं केंद्र सुरू करता येईल का?

येईल, आणि व्हायलाच हवं. भारतात सोनीपतच्या अशोका विद्यापीठात असं केंद्र आहे, पण सुरुवातीला तेवढ्या साधनांची गरज नाही. एक शांत खोली, दोन टेबलं, घड्याळ, नोंदवही आणि वेगवेगळ्या शाखांतले पाच विद्यार्थी-ट्यूटर. प्रत्येकाने आठवड्याला सहा तास दिले आणि ४५ मिनिटांच्या भेटीनंतर १५ मिनिटं नोंदीसाठी ठेवली, तर आठवड्याला ३० भेटी होतात.

ट्यूटर निवडताना फक्त गुण पाहू नका, ऐकून घेण्याची वृत्ती पाहा. त्यांना १५-२० तासांचं प्रशिक्षण द्या: प्रश्न कसे विचारायचे, पेन हातात का घ्यायचं नाही, दुसऱ्याचं लिखाण आपल्या शैलीत कसं ओढू नये. मानधन द्या, फुकट काम परीक्षेच्या महिन्यात बंद पडतं. चर्चा मराठीतून होऊ द्या, लेखन मराठी असो वा इंग्रजी. मराठीतल्या लेखनालाही तितकीच जागा ठेवा, आणि तिथे ऱ्हस्व-दीर्घाच्या आधी युक्तिवाद तपासा. सगळ्यात मोठा धोका असा की शिक्षक ते 'कमकुवत मुलांचं केंद्र' म्हणून वापरू लागतात. पहिल्या महिन्यात हुशार समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि तरुण प्राध्यापकांना आणा, म्हणजे तो शिक्का बसत नाही.

मला ट्यूटर व्हायचं असेल तर?

अर्ज करा, मातृभाषा इंग्रजी असण्याची अट सहसा नसते. दोन-तीन भाषांत विचार करणारा ट्यूटर इतर परदेशी विद्यार्थ्यांची अडचण लवकर ओळखतो. बहुतेक ठिकाणी लेखनाचा नमुना, शिफारस आणि मुलाखत असते. मुलाखतीत एखादा मसुदा देऊन विचारतात की तुम्ही कुठून सुरुवात कराल. तेव्हा स्पेलिंगपासून सुरू करू नका. निवड झाल्यावर प्रशिक्षण, अनेकदा क्रेडिट असलेला कोर्स. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. टीएचे तासही त्यातच धरले जातात, त्यामुळे आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या. जाहिराती साधारण स्प्रिंग सेमिस्टरमध्ये येतात, पुढच्या फॉलसाठी.